कोणाचाही हात न लागता

लोर्ना टॅगार्टनं उभं आयुष्य शाळेची बस चालवण्यात घालवलं. बर्फात चालवली, धुक्यात चालवली, मागच्या बाकावर पोरांची गुद्दागुद्दी चाललेली असताना चालवली. नदीकाठच्या गॅनानॉक्वे गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यांवर ते पिवळं धूड ती मागे घेऊन असं वळवायची की कोणाच्या टपालपेटीला कधी ओरखडा गेला नाही. आणि तीच लोर्ना या उन्हाळ्यात सगळ्या नदीवर ‘बिचारी’ ठरली होती. बेटांवर जाणारी माणसं तिच्याकडे बघून मायेनं मान हलवायची. त्या मायेनं तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ज्या बोटीपायी हे सगळं चाललं होतं तिचं नाव मिस एल्सी. एल्सी म्हणजे ऑर्व्हिलची आई, लोर्नाची सासू. म्हातारी जाऊन कित्येक वर्षं झाली, पण ऑर्व्हिलनं बोट घेतली आणि आईचं नाव तिच्या पाठीवर निळ्या अक्षरांत रंगवलं. सासू जिवंतपणी सुनेचं ऐकत नव्हती, ती आता पाण्यावर कशाला ऐकेल, असं लोर्ना म्हणायची. ऑर्व्हिलला हा विनोद कधीच आवडला नाही.

लग्न झाल्यापासून दोघांची कामं ठरलेली होती. बोट चालवायची ऑर्व्हिलनं. धक्का जवळ आला की पुढच्या टोकावर दोर घेऊन उभं राहायचं, उडी मारायची आणि धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला दोर बांधायचा, हे लोर्नाचं काम. तिनं बांधून झालं की ऑर्व्हिल येणार, वाकून बघणार आणि म्हणणार, “एक वेढा जास्त झालाय.” मग तो वेढा सोडणार. चाळीस उन्हाळे तेच वाक्य. सुटेल की काय या भीतीनं लोर्ना एक वेढा जास्त घालायची आणि ऑर्व्हिल तो सोडायचा. संसारात याहून मोठी भांडणं झाली नाहीत असं नाही, पण याहून लांबलेलं एकही नाही.

मग या वसंतात ऑर्व्हिलच्या नजरेच्या बरोबर मध्यावर डाग आला. कडेचं दिसे, मधलं जाई. माणसाचं तोंड बघायचं तर त्याला त्याच्या कानाकडे पाहावं लागे. डॉक्टरनं गाडीची किल्ली काढून घेतली, बोटीची तर गोष्टच सोडा. तिसऱ्या दिवशी ऑर्व्हिल दुकानातून ‘विकणे आहे’ असा लाल अक्षरांचा तयार फलक घेऊन आला.

“मी चालवीन,” लोर्ना म्हणाली.

“बोट म्हणजे बस नव्हे. बोटीला ब्रेक नसतो.”

“तुझ्या आईलाही नव्हता. निभावलंच ना मी?”

भांडता भांडता अट ठरली. लेबर डेच्या सुट्टीपर्यंत, म्हणजे उन्हाळा संपेपर्यंत, लोर्नानं मिस एल्सी एकदा, फक्त एकदा टर्नबुल बेटाच्या धक्क्याला लावून दाखवायची. कोणाचाही हात न लागता. जमलं तर बोट राहील. नाही जमलं तर फलक लागेल. टर्नबुलच का, तर तिथे नदीची ओढ धक्क्याला घासून जाते आणि दुपारचा वारा उलट्या बाजूनं येतो. जो तिथे लावेल तो कुठेही लावेल. ऑर्व्हिलनं तो फलक बोटीतच, झोपायच्या फळीखालच्या कप्प्यात ठेवून दिला. लोर्नाला वाटलं, एवढंच ना? एक उन्हाळा पुष्कळ झाला.

पण अट ऐकताना तिच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. सोप्या गोष्टीतच घोडं पेंड खातं ते असं.

नदीतल्या राष्ट्रीय उद्यानाच्या बेटांवर एक रीत आहे. बोट येताना दिसली की धक्क्यावरचा जो तो हातातलं टाकून उठतो. कोणाच्या हातात सॉसेज उलथायचा चिमटा असो, कोणी पत्त्यांचा डाव अर्धा टाकलेला असो, धावत येऊन हात पुढे करायचे आणि ओरडायचं, “टाका दोर!” येणाऱ्यानं दोर टाकायचा. धरणाऱ्यानं ओढायचा. मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं की वारा आज जरा अवघडच आहे. हे न करणारा माणूस नदीवर कोणी पाहिलेला नाही, आणि दोर द्यायला नकार देणारा तर नाहीच नाही. घरी आलेल्या पाहुण्यानं पाण्याचा पेला परत ढकलावा तसं होईल ते.

धावणाऱ्यांत पहिला नंबर केन प्रिचर्डचा. केन अग्निशमन दलातून निवृत्त झालेला, छातीनं रुंद, मनानं त्याहून रुंद. त्याची बोट जूनपासून सप्टेंबरपर्यंत टर्नबुलच्या आसपासच असे. आग विझवायला मिळत नाही म्हणून तो लोकांच्या बोटी वाचवायचा.

पहिल्या वेळी लोर्ना अगदी हळू, ओढीच्या विरुद्ध तोंड करून आली. बोट धक्क्याला समांतर येत होती. आणखी चार श्वास घेतले असते तर लागलीच होती. तेवढ्यात केन धावत आला. ऑर्व्हिल आता लोर्नाच्या जुन्या जागी, पुढच्या टोकावर बसलेला. त्यानं दोर फेकला. केननं तो झेलला आणि आगीतून माणूस ओढावा तशी बोट ओढली. पुढचं टोक धक्क्याला आपटलं. आता पुढचं टोक आत ओढलं की मागची बाजू बाहेर जाणार, हे दारालाही कळतं. मिस एल्सीची मागची बाजू फिरली आणि शेजारच्या बोटीच्या कठड्यावर जाऊन कर्रकन् घासली.

ती बोट झोसलिन लाबेलची. झोसलिन क्वेबेकहून दर वर्षी येणारी, खुर्चीवर बसून लाल नखं रंगवत होती. ती उठली, ओरखडा पाहिला आणि लोर्नाकडे बघून गोड हसली. “काही हरकत नाही गं बाई. पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं.”

“मी नाही केलं हे! यानं ओढलं!”

“बरं झालं ओढलं,” झोसलिन म्हणाली. “नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.”

केननं लोर्नाच्या खांद्यावर थोपटलं. “घाबरू नकोस. मी आहे.”

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते लोर्नाला त्या दिवशी कळलं. रात्री तिनं मक्याची कणसं इतकी भाजली की त्यांचा कोळसा झाला, आणि तोही तिच्याच अननुभवाचा पुरावा म्हणून सगळ्यांनी आनंदानं खाल्ला.

त्यानंतर जुलैभर हेच. ती शनिवारी आली, हात लागला. रविवारी आली, चार हात लागले. एकदा ती मुद्दाम मंगळवारी सकाळी गेली. धक्का रिकामा होता. ती हळूहळू जवळ आली, चाक सरळ केलं, गिअर काढला. आणि झाडीतल्या संडासाचं दार धाडकन उघडून एक परका माणूस, एका हातानं चड्डी सावरत आणि दुसरा हात पुढे करून, धक्क्यावरून पळत आला. “आलो, आलो! टाका दोर!”

आणि ऑर्व्हिलनं टाकला.

खरी मेख तिथेच तर होती. लोक धावणारच. पण दोर टाकणारा तिचा स्वतःचा नवरा होता. त्या दिवशी बाकावर बसून सँडविच खाताना तिनं विचारलंच.

“तू दोर का फेकलास?”

“त्यानं हात पुढे केला.”

“तुला दिसला हात?”

“कडेचं दिसतं मला. हात कडेलाच असतात.”

“अरे, पण अट तूच घातलीस ना? कोणाचा हात लागायचा नाही म्हणून? मग दोर हातात कशाला धरतोस?”

ऑर्व्हिल तिच्या कानाकडे बघत म्हणाला, “समोरचा धावत आलाय, हात पुढे केलाय, आणि मी दोर घेऊन नुसता ढिम्म बसू? लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतात की मला बोट लावता येत नाही!”

“तसं नाही म्हणत कोणी. सगळे तुझं कौतुक करतात.”

“भीक नको पण कुत्रं आवर!” लोर्ना इतक्या जोरात ओरडली की पाण्यावरचं बदक उडालं. ऑर्व्हिलनं सँडविचमधली काकडी काढून बाजूला ठेवली. त्याला काकडी कधीच आवडत नव्हती, आणि बोलायचं नसलं की तो ती काढत बसे.

पुढच्या खेपेला तिनं त्याला मागे बसवायचं ठरवलं. तो बसेना. “मी पुढेच बसणार,” म्हणाला. “चाक घेतलंस. आता टोकही घेतेस?” ते तो ज्या आवाजात म्हणाला त्यानं लोर्नानं तो नाद सोडला. पण मनातून तिला रागच आला. बोट वाचवायची मी, शिव्या खायच्या मी, आणि वर याचं मनही मीच सांभाळायचं! शाळेच्या बसमध्ये साठ पोरं होती, पण एकानं कधी ब्रेकवर पाय ठेवला नव्हता.

ऑगस्टच्या मध्यावर तर कहर झाला. वारा होता, सहलीचं मोठं जहाज नुकतंच गेलेलं, त्याच्या लाटा येत होत्या. लोर्ना आली, ऑर्व्हिलनं दोर फेकला, तो केनच्या पायात आणि केनच्या कुत्र्याच्या पायात गुंतला. केन इकडे ओढतोय, कुत्रं तिकडे ओढतंय, ऑर्व्हिल टोकावरून “डावीकडे! डावीकडे!” करतोय, कोणाची डावी ते सांगत नाही. मागची बाजू पुन्हा बाहेर जायला लागली. झोसलिननं नखांच्या रंगाची बाटली बंद करून ठेवली. लोर्नाचा संयम संपला. बोटीच्या मध्यावरच्या खुंटीला एक आखूड दोर कायमचा बांधलेला असे, रात्री जास्तीचा आधार म्हणून लागणारा. तिनं त्याचा फासा घेतला, चाकाजवळून वाकली, धक्क्यावरच्या जवळच्या खुंटात रागानं अडकवला आणि केनशी भांडायला खाली उतरली.

भांडण बराच वेळ चाललं. म्हणजे भांडली एकटी लोर्नाच. बाकी सगळे तिला शांत करत होते. कुत्र्याचे पाय सोडवून झाले, पुढचा दोर पाण्यात पडला, तो कोणीतरी काठीनं काढला. आणि मग लोर्नाच्या कानावर आलं की इंजिन अजून गुरगुरतंय. ती गिअर काढायला विसरली होती. बोट पुढे जायला बघत होती आणि मधला दोर तिला सोडत नव्हता. पुढे कोणी धरलेलं नव्हतं. मागे कोणी धरलेलं नव्हतं. वारा होता, ओढ होती, लाटा होत्या, आणि मिस एल्सी धक्क्याला अंग चिकटवून अशी उभी होती जशी गाय गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहते.

लोर्नाचं भांडण तोंडातल्या तोंडात राहिलं. तिनं बघितलं. पुन्हा बघितलं. मग बोटीवर गेली, गिअर काढला आणि इंजिन बंद केलं.

“गिअर तसाच ठेवला होतास?” ऑर्व्हिलनं टोकावरून विचारलं. “बाई, बाई, बाई! असं करतात का कधी?”

“चुकलं,” लोर्ना म्हणाली. त्या उन्हाळ्यात तिनं पहिल्यांदाच एवढ्या लवकर चूक कबूल केली, आणि ऑर्व्हिलला त्याचा संशयसुद्धा आला नाही.

लेबर डेचा शनिवार उजाडला. शेवटची संधी. फलक कप्प्यात पडलेला होता आणि सोमवारी बोटबांधणीच्या आवारात तो लागणार होता. अशा दिवशी टर्नबुलच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते. सगळी बेटं उन्हाळ्याला निरोप द्यायला येतात. लोर्ना निघायच्या आधी बोटीत खाली गेली आणि बराच वेळ खुडबुड करून आली. ऑर्व्हिल टोकावर बसला होता, तोंडावर वारा घेत, जसा काही हा शेवटचाच.

टर्नबुल दिसलं. बोटींच्या रांगेत मधे एकच जागा, मिस एल्सीच्या लांबीहून हातभर जास्त. धक्क्यावर खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज आले. केन उठला. झोसलिन उठली. अनोळखी माणसं उठली. हात पुढे झाले.

ऑर्व्हिलनं पायाशी चाचपलं. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. “लोर्ना! दोर कुठंय?”

“कप्प्यात.”

“कुठल्या कप्प्यात?”

“फलकाच्या खाली.”

“वेड लागलंय का तुला? मागचा?”

“तोही.”

“टाक ऑर्व्हिल, टाक!” केन ओरडत होता. ऑर्व्हिलनं रिकामे हात वर करून दाखवले. बिनदोराची बोट म्हणजे काय करायचं, हे कोणालाच माहीत नव्हतं. पण केन आग विझवणारा माणूस, तो हार मानेना. तो गुडघ्यावर बसला आणि बोटीचा कठडाच पकडायला त्यानं दोन्ही हात लांब केले.

“केन प्रिचर्ड!” लोर्नाचा हा आवाज बस थांबवून मागच्या बाकापर्यंत पोचवायचा आवाज होता. “माझ्या बोटीला हात लावशील तर याद राख! हात खिशात! सगळ्यांनी हात खिशात घाला! आत्ताच्या आत्ता!”

इतकं उद्धट बोलणं त्या बेटावर कोणी कधी ऐकलं नव्हतं. पण ही माणसं सांगितलेलं ऐकणारी. एकेकाचे हात खिशात गेले. झोसलिनच्या पोहण्याच्या कपड्यांना खिसे नव्हते, तिनं हात पाठीमागे धरले. केनच्या चड्डीलाही नव्हते. त्यानं हात काखेत दाबले आणि गुडघ्यावरच बसून राहिला, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

लोर्ना हळू आली. वारा बाजूनं लागत होता, तिनं त्या मानानं चाक वळवून घेतलं. धक्का हळूच सरकत शेजारी आला. तिनं वाकून मधल्या दोराचा फासा खुंटात टाकला. पहिल्यांदा तो निसटला. धक्क्यावर कोणीतरी “अरे!” म्हणालं आणि दहा खिशांमध्ये हात वळवळले. लोर्नानं तो परत ओढला, पुन्हा टाकला. बसला. तिनं गिअर पुढे टाकला, चाक धक्क्यापासून लांब वळवलं, आणि दोर ताणला गेला. मिस एल्सी एकदा कुरकुरली, मग धक्क्याला टेकली आणि तिथेच राहिली.

लोर्नानं चाक सोडलं.

“कोणी धरलं?” ऑर्व्हिलनं विचारलं.

“कोणी नाही.”

“खोटं. केन, तू धरलंयस का?”

“माझे हात काखेत आहेत रे ऑर्व्हिल,” केन दुखावलेल्या आवाजात म्हणाला. “अजूनही. काढू का आता, लोर्ना?”

“काढ.”

कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. झोसलिननं तर शिट्टी घातली. लोर्नाला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यानं तिला उचकी लागली. तिला वाटलं, ऑर्व्हिल आता मागे वळेल आणि काहीतरी म्हणेल. शाब्बास नाही, ते त्याच्या कोशातच नव्हतं. पण काहीतरी. तो वळला नाही. टोकावर बसून राहिला, दोन्ही तळवे मांडीवर उघडे, कोणी त्यावर काही ठेवायची वाट बघावी तसे.

ती पुढे गेली. “जिंकले मी,” म्हणाली. “ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“मग तोंड का असं?”

“बोट राहिली. चांगलं झालं,” तो पाण्याकडे बघत म्हणाला. “पण लोर्ना, तुला चाकावर माणूस नको, दोराला माणूस नको. मग मी कशाला यायचं? सामान म्हणून?”

लोर्नाला सगळ्यात आधी संताप आला. सबंध उन्हाळा तिनं या माणसाच्या हौसेपायी जीव जाळला, आणि आता जिंकल्यावरही अपराध तिचाच! तोंडावर उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत. मग तिला ते उघडे तळवे दिसले. आणि आठवलं की दर वेळी दोर यानंच फेकला होता. लोकांची भीड म्हणून नव्हे. त्याच्या हाती करायला तेवढंच उरलं होतं म्हणून.

ती खाली गेली. कप्पा उघडला, फलक बाहेर काढला आणि धक्क्यावर केनच्या हातात दिला. “तुझ्या शेगडीला वारा घालायला घे.” मग पुढचा दोर काढला आणि आणून ऑर्व्हिलच्या मांडीवर आपटला.

“हे काय?”

“इंजिन रात्रभर चालू ठेवू? मधल्या दोरावर बोट झोपते का? ऊठ. पुढचं टोक बांध. केन, तू बस खाली!”

केन खाली बसला. ऑर्व्हिल कठडा धरून उतरला. धक्क्याच्या फळ्यांवर गुडघे टेकले, हातानं चाचपत गेला, एकदा खुर्चीच्या पायाला अडखळला. कोणी हललं नाही. लोर्ना सगळ्यांवर नजर ठेवून उभी होती. त्याला खुंट सापडला. त्यानं दोर घातला, आडवा घेतला, फिरवला, पुन्हा आडवा घेतला, ओढून बघितला. पुन्हा एकदा चाचपला. मग आणखी एकदा फिरवला आणि तळव्यानं दाबून ठेवला.

लोर्नानं इंजिन बंद केलं, मागचा दोर स्वतः बांधला आणि येऊन त्याच्या मागे उभी राहिली. वाकून बघितलं. चाळीस उन्हाळे ऐकलेलं वाक्य तिच्या जिभेवर आपसूक आलं, आणि तिनं ते अडवलं नाही.

“एक वेढा जास्त झालाय.”

ऑर्व्हिलची बोटं दोरावर फिरली, वेढे मोजले, आणि सोडायला वरचा वेढा त्यानं नखानं उचलला.

“राहू दे,” लोर्ना म्हणाली. “रात्री वारा वाढणार आहे.”